चकाकता वायटूके की साधा फ्लॅट?

ब्रँडला किंवा वेबसाइटला वायटूके (Y2K, म्हणजे २००० सालाच्या आसपासचा चकचकीत) लूक द्यावा का, हे ठरवण्याआधी कोणता वायटूके हवा ते ठरवा. एक आहे जेल बटणांचा, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा: १९९८चा निळसर आयमॅक जी३, २००१च्या मॅक ओएस टेनमधला ‘अ‍ॅक्वा’ इंटरफेस. दुसरा क्रोमचा: चंदेरी अक्षरं, काळी पार्श्वभूमी, लखलखत्या कडा. जेल खेळकर आणि आपुलकीचा वाटतो, क्रोम थंड आणि रुबाबदार.

फ्लॅट डिझाइन, म्हणजे चकाकी आणि उठाव नसलेली सपाट रचना, २०१२च्या विंडोज ८ आणि २०१३च्या आयओएस ७ नंतर सगळीकडे पसरलं. ते पटकन लोड होतं, वाचायला सोपं असतं. पण आता दहा ब्रँड शेजारी ठेवले तर नाव झाकल्यावर ओळखू येत नाहीत. वायटूकेचं खरं बळ इथे आहे. तंत्रज्ञानाबद्दलचा त्या काळातला निखळ उत्साह मला आजही मोलाचा वाटतो.

लोगोच्या बाबतीत मात्र मी ठामपणे फ्लॅटच्या बाजूने आहे. क्रोमचा आभास वरचा उजळ पट्टा, मधली गडद रेघ आणि खालची परावर्तित छटा यांवर उभा असतो. १६ पिक्सेलच्या फॅविकॉनमध्ये (ब्राउझरच्या टॅबवरच्या छोट्या चिन्हात) त्याचा करडा डाग होतो. एकरंगी छपाईत काहीच उरत नाही. मूळ लोगो सपाट ठेवा, क्रोमची आवृत्ती पोस्टर आणि मोहिमेपुरती वापरा.

जेल बटणात वेगळी अडचण. वरच्या अर्ध्या भागात पांढरी चकाकी असते आणि मजकूर नेमका तिच्या सीमेवर बसतो. साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो. पांढरी अक्षरं असतील तर तो बटणाच्या सर्वांत उजळ जागी मोजायचा, सरासरी रंगावर नाही. २०२५मध्ये अ‍ॅपलच्या काचेसारख्या ‘लिक्विड ग्लास’ इंटरफेसवरही वाचनीयतेच्या तक्रारी आल्या, आयओएस २६.१ मध्ये काच कमी पारदर्शक करायचा पर्याय आला.

बनवणं आता सोपं आहे. तेव्हा गोल कोपऱ्यांसाठीसुद्धा चित्रं कापावी लागत, आता सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) काही ओळी पुरतात. फक्त ब्लर (मागचं धूसर दाखवणारा परिणाम) जपून वापरा, स्वस्त फोनवर स्क्रोल अडखळतो.

संगीत, गेम, फॅशन, सौंदर्यप्रसाधनं, ठराविक मुदतीची मोहीम: बिनधास्त वायटूके. बँक, आरोग्यसेवा, लांबलचक फॉर्म: फ्लॅट. दोन्हींचा मोह असेल तर पान सपाट ठेवून फक्त मुख्य बटण जेलचं करा, आणि पेमेंटच्या पानावर तेही साधं ठेवा.