यलो टॅगवाला ‘स्वस्त’ ४३०डब्ल्यू: जुनं ॲव्हिओनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) घेणाऱ्यांनी हे वाचाच

अमेरिकेत राहून प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलेले मराठी लोक आता बरेच झालेत, आणि त्यातल्या काहींनी ग्रीन कार्ड आल्यावर (त्याआधी एन नंबरचं, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर झालेलं विमान स्वतःच्या नावावर करताच येत नाही) दोघातिघांत मिळून जुनं सेसना नाहीतर पायपर घेतलंय. विमानासाठी जुना जीपीएस बॉक्स घेताना आम्ही कसे फसलो, ते त्यांच्यासाठी खास लिहितोय. बाकीच्यांनीही वाचा, कारण फसवायची पद्धत विमानापुरती नाहीये.

आमचं १९७५ चं सेसना १७२ आहे, टेक्सासमध्ये एका छोट्या एअरपोर्टवर असतं. मालक तिघं. मी, ऑफिसमधला एक मित्र आणि एक रिटायर्ड अमेरिकन गृहस्थ, ज्यांना आम्ही दोघंही सरळ ‘काका’ म्हणतो आणि तेही आता ओ देतात. बॉडी छान, इंजिनाचे तास कमी, पण पॅनल अगदीच केविलवाणं. एक रेडिओ असा की त्याचे आकडे उन्हात दिसतच नाहीत आणि दुसऱ्यावर फक्त ऐकू यायचं, आपलं बोलणं टॉवरला जायचं नाही. ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारा बॉक्स) तेवढा बरा होता, कारण जानेवारी २०२० पासून मोठ्या एअरपोर्टांच्या आसपास एडीएस-बी आउट (विमानाने स्वतःची जागा सतत रेडिओवरून कळवणं) कंपल्सरी झालं तेव्हा आधीच्या मालकाने तो बसवून घेतला होता.

माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात फक्त उपकरणं बघून उडवायची परवानगी) चालू होतं आणि त्यासाठी धड जीपीएस पाहिजे होतं. इकडे छोट्या छोट्या एअरपोर्टवर आयएलएस (रनवेकडे नेणारे जमिनीवरचे रेडिओ सिग्नल) नसतो पण जीपीएसवरचे अप्रोच (उतरायचे ठरलेले मार्ग) असतात, आणि वास (डब्ल्यूएएएस, म्हणजे सॅटेलाइटवरून येणारं करेक्शन) असलेला बॉक्स असेल तर एलपीव्ही नावाचा अप्रोच मिळतो जो काही ठिकाणी जमिनीपासून २०० फुटांपर्यंत खाली आणतो. वास नसेल तर बरेचदा चारपाचशे फुटांवरच थांबायचं, रनवे दिसला नाही तर परत वर. ढग खाली असले की हा फरक फार मोठा असतो.

शॉपमधून कोटेशन काढलं. नवा टचस्क्रीन नॅव्हिगेटर, अँटेना, इंडिकेटर आणि लेबर धरून आकडा विमानाच्या निम्म्या किमतीच्या आसपास गेला, वर नंबर लागायला काही महिने. आणि तुम्ही बाहेरून आणलेला बॉक्स आम्ही बसवणार नाही, असंही बऱ्याच शॉप्सनी सांगितलं. मग आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक तयार झाला, बॉक्स तुम्ही आणा, पॅनल उघडणं वगैरे हमाली तुम्ही करा माझ्या देखरेखीखाली, वायरिंग आणि सही मी करतो. हे नियमात बसतं. म्हणून आम्ही जुना बॉक्स शोधायला लागलो.

जुन्यामध्ये सगळ्यांची पहिली पसंती गार्मिन ४३०. १९९८ मध्ये आलेला बॉक्स, रेडिओ, व्हीओआर-आयएलएस (जमिनीवरून येणारे दिशेचे सिग्नल घेणारा भाग) आणि जीपीएस तिन्ही एकात. पुढे वासवालं मॉडेल आलं ते ४३०डब्ल्यू. लांबून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात, स्क्रीन तीच, बटणं तीच. पण आतलं जीपीएस वेगळं, पार्ट नंबर वेगळा, अँटेना वेगळा (साध्याला जीए ५६, डब्ल्यूला जीए ३५) आणि भाव तर दुपटीहून जास्त. सगळी गोम इथेच आहे.

जाहिरात दिसली ती अशी: ४३०डब्ल्यू, इंडिकेटर, ट्रे (बॉक्स ज्यात सरकवून बसवतात तो सांगाडा), कनेक्टर, अँटेना, सोबत एफएएचा (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) ८१३०-३ फॉर्म, म्हणजे पार्ट तपासलाय आणि लावायला योग्य आहे असा दाखला, ज्याला सगळे यलो टॅग म्हणतात तो. चालत्या बोनान्झा विमानामधून काढलाय, मालकाने नवीन ग्लास पॅनल (सगळं स्क्रीनवर दिसणारं) टाकलं म्हणून. किंमत ४,८०० डॉलर. त्यावेळी असा सेट सात हजारांच्या आसपास जात होता, म्हणजे स्वस्त होता पण संशय यावा इतका नाही. दोन हजार म्हणाला असता तर आम्ही लगेच पळालो असतो. फोटो व्यवस्थित, हिरव्या टॉवेलवर सगळा माल मांडलेला, स्क्रीन चालू असलेला एक व्हिडिओसुद्धा.

फोनवर माणूस एकदम गोड. विमान कुठलं, किती तास झाले, रेटिंग कुठपर्यंत आलं, सगळी आपुलकीने चौकशी. आणि स्वतःच म्हणाला, घाई करू नका, आधी तुमच्या मेकॅनिकला फॉर्म दाखवा. आता असं कोण म्हणतं? जो खरा आहे तोच ना. मेकॅनिकने पीडीएफ बघितलं, फॉर्म बरोबर वाटतोय म्हणाला, त्यावर सही करणाऱ्या रिपेअर स्टेशनचा सर्टिफिकेट नंबर एफएएच्या साइटवर टाकून बघितला तर स्टेशन खरं निघालं. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा मेसेज, ओक्लाहोमाचा एक जण पैसे द्यायला तयार आहे पण मी तुम्हाला शब्द दिलाय. झालं. निम्मे झेलने (बँक अकाउंटमधून थेट पैसे पाठवायची सोय) आणि निम्मे पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ करून पाठवले, कारण त्याचं म्हणणं तीन टक्के फी फुकट कशाला घालवायची, हवं तर ती रक्कम शिपिंग इन्शुरन्सला वापरतो. इन्शुरन्सची पावतीही पाठवली पठ्ठ्याने.

आणि पार्सल आलं! हे नीट लक्षात घ्या. आम्हाला सगळ्यांना वाटायचं फसवणूक म्हणजे पैसे घेऊन गायब होणं किंवा डब्यात विटा येणं. इथे बबल रॅपमध्ये नीट गुंडाळलेला खरा गार्मिनचा बॉक्स आला, ट्रॅकिंग नंबरसकट. त्याचा फायदा त्याला नंतर झाला, ते पुढे सांगतो.

मेकॅनिकने आधी अँटेना उचलला, उलटा केला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. लेबलवर जीए ५६. म्हणजे साध्या ४३० चा. मग ट्रे. ४३० काढायचा असेल तर समोरच्या भोकात ३/३२ ची ॲलन की घालून फिरवायची, बॉक्स सरकून बाहेर येतो, वायरी आणि ट्रे मागे विमानातच राहतात, ट्रे हवा असेल तर कनेक्टर रीतसर सोडवायचे. इथे ट्रेच्या मागून वितभर वायरींचा झुबका लोंबत होता, कटरने सरळ कापलेला. तो म्हणाला ज्याने हे काढलंय तो शॉपवाला नाही, आणि बहुतेक घाईत होता.

बॉक्सवरच्या लेबलचा एक कोपरा किंचित उचललेला होता. त्याने नखाने थोडं सोललं तर खाली दुसरं लेबल, अर्धवट खरवडलेलं. वरचा सिरीयल नंबर फॉर्मशी जुळत होता, खालचा कशाशीच नाही. मग बेंचवर पॉवर दिला आणि सॅटेलाइट स्टेटसचं पेज काढलं. डब्ल्यूवर तिथे ईपीयू, एचएफओएम, व्हीएफओएम अशा नावांचे अचूकतेचे आकडे दिसतात. आमच्या स्क्रीनवर ईपीई आणि डीओपी. साधा ४३०, खलास. त्या व्हिडिओत स्क्रीन चालू होती हो, पण फक्त मॅपचं पेज, आणि तो व्हिडिओ तरी याच बॉक्सचा होता का देव जाणे.

संध्याकाळी पीडीएफ मोठं करून बघत बसलो. ८१३०-३ मध्ये ८ नंबरच्या चौकटीत पार्ट नंबर आणि १० मध्ये सिरीयल नंबर असतो, ११ मध्ये काय काम केलं ते (इन्स्पेक्टेड, रिपेअर्ड, ओव्हरहॉल्ड वगैरे), १४ मध्ये सही आणि सर्टिफिकेट नंबर. कागद स्कॅन करताना थोडा तिरका ठेवलेला असणार, कारण सगळ्या ओळी उजवीकडे हलक्याशा खाली जात होत्या. फक्त ८ आणि १० नंबरच्या चौकटीतला मजकूर एकदम सरळ, पट्टीने आखल्यासारखा. आणि आजूबाजूला जे स्कॅनचे बारीक काळे ठिपके होते ते त्या दोन चौकटींत नव्हतेच.

सकाळी त्या रिपेअर स्टेशनला फोन लावला. तिथल्या बाईंनी फॉर्मवरचा ट्रॅकिंग नंबर विचारला, दोन मिनिटांत रेकॉर्ड काढलं आणि सांगितलं की फॉर्म आमचाच आहे पण तो एका वेगळ्याच रेडिओचा, कित्येक वर्षांपूर्वीचा. त्यांनाच बिचाऱ्यांना टेन्शन आलं. स्टेशन खरं आहे का हे आम्ही बघितलं होतं, पण खऱ्या स्टेशनने खरोखर ‘या’ बॉक्सवर सही केलीये का हे फक्त स्टेशनच सांगू शकतं, आणि ते सांगतातही, फुकट, फोनवर. अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच.

हा प्रकार फक्त आमच्यासारख्या छोट्यांच्या जगात चालतो असंही नाही. २०२३ मध्ये लंडनच्या एका पार्ट्स विकणाऱ्या कंपनीची खोट्या सर्टिफिकेटांची भानगड बाहेर आली ती सीएफएम५६ इंजिनांच्या पार्ट्सबद्दल होती, म्हणजे जी इंजिनं बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० वर असतात ती. मोठमोठ्या एअरलाइन्सना विमानं थांबवून पार्ट्स काढावे लागले.

आता पैशाचं. विक्रेत्याने पहिल्या मेसेजला उत्तर दिलं, अरे चुकून दुसरा बॉक्स पॅक झाला असेल, बघतो. त्यानंतर फोन बंद, जाहिरात गायब. बँकेचं म्हणणं, झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, अकाउंट हॅक झालेलं नाही, आणि वस्तू तर मिळालीये, मग हा तुमचा आपसातला वाद. फ्रेंड्स अँड फॅमिलीवर खरेदीचं संरक्षण नसतंच. म्हणून म्हटलं ना, पार्सल पाठवलं हीच त्याची हुशारी. काहीतरी मिळालंय म्हटल्यावर तुमची तक्रार चोरी राहत नाही, कुरकुर होते. एफबीआयच्या आयसी३ साइटवर तक्रार टाकली, शेरीफकडे रिपोर्ट दिला, आणि एफएएकडे ‘सस्पेक्टेड अनअप्रूव्हड पार्ट’ म्हणून कळवलं, त्याचा वेगळा फॉर्म असतो. एफएएवाल्यांनी सगळं व्यवस्थित ऐकून घेतलं पण ते पैसे काही मिळवून देत नाहीत, ते त्यांचं कामही नाही.

यावर कडी म्हणजे मी एका पायलट ग्रुपवर ही कथा टाकली तर दोन दिवसांत एकाचा मेसेज, मी सायबर रिकव्हरी एक्स्पर्ट, तुमचे पैसे कुठल्या अकाउंटला गेलेत ते मला सापडलंय, ३०० डॉलर प्रोसेसिंग फी. मित्र म्हणाला देऊन बघू का, तीनशेच तर आहेत. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला.

शोधताना आणखी एक प्रकार दिसला तो पण सांगून ठेवतो. गार्मिनचा जी५, तो छोटा इलेक्ट्रॉनिक होरायझन, २०१६ मध्ये आला तेव्हा घरी बनवलेल्या एक्स्पेरिमेंटल विमानांसाठी ११९९ डॉलरला होता आणि आपल्या सेसनासारख्या सर्टिफाइड विमानांसाठी २१४९ ला. चेहरा एकच. जुन्या बाजारात पहिला दुसऱ्याच्या भावाने खपवतात, ‘सेम युनिट आहे हो’ म्हणून. सेम असेलही, पण पार्ट नंबर आणि एसटीसीची (त्या विमानात बसवायच्या मंजुरीची) कागदपत्रं सेम नाहीत आणि तुमचा मेकॅनिक सही कशावर करणार? तसं बघितलं तर जुना पार्ट लावायला ८१३० असलाच पाहिजे असा कायदा नाही, बसवणारा स्वतःच्या जबाबदारीवर पार्ट योग्य आहे असं ठरवू शकतो. पण लेबल सोललेला बॉक्स बघून कोणीही शहाणा माणूस स्वतःचं लायसन्स पणाला लावणार नाही. आमच्या मेकॅनिकनेही नाही लावलं आणि तो बरोबरच होता. शिवाय तो बॉक्स चोरीचा असण्याची शक्यता, त्यामुळे विकायचाही प्रश्न नाही. इंडिकेटर मात्र खरा निघाला, का ते माहीत नाही.

शेवटी आम्ही डीलरकडून नवीन जीपीएस १७५ घेतला. गंमत बघा, २०१९ मध्ये हा बॉक्स आला तेव्हा त्याची किंमत ४,९९५ डॉलर होती, एलपीव्हीसकट, वॉरंटीसकट. रेडिओ आणि आयएलएस त्यात नाही म्हणून आम्ही आधी नाक मुरडलं होतं. आकडे न दिसणारा रेडिओ दुरुस्त करून ठेवला, मेकॅनिकने ३३७ फॉर्म (विमानातल्या मोठ्या बदलाची एफएएकडे नोंद) भरून पाठवला, आता व्यवस्थित चाललंय. खर्च ठरवल्यापेक्षा बराच वर गेला, तिघांनी वाटून घेतला. मित्राच्या बायकोला अजून खरा आकडा माहीत नाही त्यामुळे इथेही लिहीत नाही.

जुनाच घ्यायचा असेल तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून सॅटेलाइट स्टेटस पेजचा फोटो मागा, शेजारी त्या दिवशीची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून, आणि बॉक्सवरच्या लेबलचा जवळून फोटो. सिरीयल नंबर गार्मिनच्या सपोर्टला विचारा. फॉर्मवरच्या रिपेअर स्टेशनला स्वतः फोन लावा, फॉर्मवर छापलेल्या नंबरवर नाही, एफएएच्या यादीतून शोधून. आणि पैसे एस्क्रोने (माल तपासेपर्यंत तिसऱ्याकडे ठेवून) किंवा क्रेडिट कार्डाने, तीन टक्के गेले तर जाऊ देत.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, राज्य वेगळं, बोनान्झाच्या जागी मूनी, किंमत ४,५००. फोटो तेच, हिरवा टॉवेलही तोच. मी नवीन अकाउंटवरून सॅटेलाइट पेजचा फोटो मागितला तर पाच मिनिटांत ब्लॉक केलं. स्क्रीनशॉट आयसी३ च्या तक्रारीत जोडलाय. तुम्हाला कुठे दिसली तर तुम्हीही रिपोर्ट करा, आणि कोणी ओळखीचं त्याच्याशी भाव करत असेल तर आजच फोन करून सांगा.