ड्रोनने फवारलेल्या तुरीची डाळ: चवीला पैसे वसूल, पाकिटावर माहिती अपुरी

आमच्या भागातल्या शनिवारच्या आठवडे बाजारात वाशीम जिल्ह्यातला एक महिला बचत गट हंगामात तूरडाळ घेऊन येतो. १६० रुपये किलो. डाळ बिनपॉलिशची, गटाच्याच पीकेव्ही मिनी डाळ मिलवर (अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेलं छोटं यंत्र) काढलेली. पाकिटावर ठळक छापलंय, 'ड्रोनद्वारे फवारणी केलेल्या शेतातील तूर'. या एका ओळीपायी काही गिऱ्हाइकं हातात घेतलेलं पाकीट परत ठेवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी डाळ. रंग फिका पिवळा, दुकानातल्या डाळीची चकाकी नाही, कुठे कुठे साल चिकटलेलं. अर्धा तास भिजवून कुकरला चार शिट्ट्या दिल्या की पळीने दाबताच एकजीव होते. शिजताना तुरीचा तो किंचित गोडसर वास घरभर येतो. वरणफळांना तर फारच छान, दाटपणा टिकतो, पाणी वेगळं होत नाही. खडा एकही लागला नाही. चुनी मात्र जरा जास्त निघते, चाळून घ्यावी लागते.

आता ड्रोनचं. माझ्या पुढ्यात एका काकूंनी विचारलं, "म्हणजे वरून जास्त औषध मारता ना?" मागच्या एका तरुणाचा समज अगदी उलटा, ड्रोन म्हणजे सेंद्रिय. दोन्ही चूक. स्टॉलवरच्या ताई शांतपणे सांगत होत्या, "औषध एकराले तेवढंच असते, पाणी कमी लागते. पाठीवरच्या पंपाले दीडशे-दोनशे लिटर, ड्रोनले आठ-दहा." म्हणजे द्रावण दाट असतं हे खरं, पण एकरी मात्रा वाढत नाही. शिवाय तुरीचा दाणा शेंगेच्या आत असतो, आणि डाळ करताना त्याचं सालही निघतं.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. फुलावर आलेली तूर माणसाच्या डोक्याला लागते. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी नेमकी तेव्हाच फवारणी करायची, म्हणजे नोझल वर धरून ओळींमधून चालायचं आणि उडालेले तुषार स्वतःच्या तोंडावर, मानेवर घ्यायचे. संध्याकाळी बाबांचा सदरा पाठीवर पंपाच्या आकारात ओला असायचा आणि आई तो वेगळ्या बादलीत धुवायची. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात मुख्यतः कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, तेही एक कारण सांगितलं गेलं. ड्रोन चालवणारी बाई बांधावर उभी असते आणि सात ते दहा मिनिटांत एकर होतो. खाणाऱ्यांच्या काळजीत राबणाऱ्याच्या अंगाचाही विचार झाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि ही डाळ मी आवडीने घेते त्याचं निम्मं कारण तेच आहे.

याचा अर्थ विचारूच नये असा नाही. वारा असला तर तुषार शेजारच्या भाजीवर जातात, आणि फुलावर मधमाश्याही असतात. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली, तीत आधी कळवण्यापासून पाणवठ्यांपासून अंतर राखण्यापर्यंत नियम आहेत. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, वारा पडल्यावरच उडवतो, शेजाऱ्याले आदल्या दिवशी सांगतो. औषधाचं नावही त्यांनी न अडखळता सांगितलं. पहिली फवारणी निंबोळी अर्काची, अळी फारच दिसली तरच रासायनिक, आणि त्यानंतर बाटलीवर लिहिलेले दिवस सोडूनच कापणी.

माझी तक्रार इथेच आहे. तोंडी मिळालेली ही सगळी माहिती पाकिटावर नाही! ड्रोन हे औषध पोचवायचं साधन झालं. डाळीत अंश राहील की नाही हे ठरतं कोणतं औषध, किती मात्रा आणि शेवटची फवारणी ते कापणी किती दिवस गेले यावर, मग पंप पाठीवरचा असो की उडणारा. दुकानातल्या चकचकीत डाळीला हे कुणी विचारत नाही, आणि ज्या बायकांनी स्वतःहून छापलं त्यांनाच उलटतपासणी. त्यांना मी सुचवलंय की ड्रोनची ओळ बारीक करा आणि खाली औषधाचं नाव, शेवटच्या फवारणीची आणि कापणीची तारीख टाका. पुढच्या छपाईत बघू म्हणाल्या.

पाकिटाचा जोडही कच्चा आहे, पिशवीतच सुटतो, तेव्हा घरून डबा न्यावा. वर्षाची डाळ भरायची असेल तर फेब्रुवारीत सांगून ठेवा, नवी तूर तेव्हा भरडून येते. पाच किलोच्या पाकिटाला किलोमागे दहा रुपये कमी लावतात.