विमानातील वाय-फाय: सेवा चांगली, प्रवेश अवघड

गेल्या महिन्यात फ्रँकफर्टहून मुंबईला परतताना मी संपूर्ण प्रवासाचा वाय-फाय पॅक घेतला, कारण ऐरोलीच्या कार्यालयात सोमवारी द्यायचा अहवाल अपुरा होता आणि नेरुळला आईला विमान उतरण्याची वेळ कळवायची होती. सेवा एकदा सुरू झाल्यावर समाधानकारक होती. मात्र सुरू होईपर्यंत पाऊण तास गेला.

लॅपटॉप नेटवर्कला जोडला गेला, पण लॉगिनचे पान उघडेना. कार्यालयाचे व्हीपीएन (माहिती सांकेतिक करून आपल्या सर्व्हरमार्गे पाठवणारी सोय) आपोआप सुरू होऊन, परवानगी मिळण्याआधीच, सगळी माहिती आपल्या मार्गाने पाठवू पाहत होते. फोनवर तोच अडथळा ‘प्रायव्हेट डीएनएस’चा, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते ठरावीक सर्व्हरकडूनच शोधणाऱ्या सेटिंगचा, होता. दोन्ही बंद करून ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हा मुद्दाम एन्क्रिप्शनविना ठेवलेल्या साध्या पानाचा पत्ता टाकताच लॉगिनचे पान आले.

त्याहून मोठी अडचण कार्डाने पैसे भरताना लागणाऱ्या ओटीपीची. फोन विमान मोडमध्ये असताना एसएमएस येणार कुठून? अखेर विमान कंपनीच्या सदस्यत्व खात्यात साठलेल्या गुणांवर पॅक मिळाला. भारतीय कार्डधारकांना ही गोष्ट तिकीट काढतानाच सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते. पॅक त्या उपकरणाच्या नेटवर्क-पत्त्याशी जोडलेला असल्याने आणि नेटवर्क विसरल्यावर तो पत्ता बदलू शकत असल्याने मध्येच ‘नेटवर्क विसरा’ हा पर्याय निवडू नये, हेही कुठे लिहिलेले नव्हते.

ईमेल आणि संदेश विनाखंड चालले. ही सेवा उपग्रहामार्फत चालते; तो भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा, असेल, तर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतो आणि प्रत्येक प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे व्हिडिओ कॉलची अपेक्षा मी ठेवली नव्हती.

सुरक्षिततेची काळजी मात्र मला होती. ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये, विमानातील वाय-फायसारखेच बनावट नेटवर्क उभारून प्रवाशांची लॉगिन माहिती मिळवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी एकावर गुन्हा दाखल केला होता. म्हणून नेटवर्कचे नेमके नाव मी केबिन कर्मचारी ताईंना विचारले. त्यांनी आसनाच्या खिशातील कार्डावर ते लगेच दाखवले, ही या सेवेची खरोखर कौतुकाची बाजू. नेटवर्कला पासवर्ड नसल्याने लॉगिन होताच मी व्हीपीएन पुन्हा सुरू केले आणि नेट बँकिंग घरी पोहोचेपर्यंत उघडले नाही.

उतरताना ही सेवा मिळेलच याची खात्री नव्हती, त्यामुळे आईला संदेश मुंबईकडे उतरायला लागण्यापूर्वीच पाठवला.