स्टिअरिंगला साडेचार, भिंतीवरच्या पोस्टरला एक

हे परीक्षण गाड्यांच्या शर्यतीच्या सिम्युलेटर सेंटरचं, म्हणजे स्क्रीनसमोर स्टिअरिंग धरून शर्यत खेळायच्या जागेचं. सेंटरचं नाव लिहीत नाही. पुण्यात हायवेला लागून, दुसरा मजला, खाली मोबाइलचं दुकान, एवढ्यावर ज्याला जायचंय तो शोधून काढेल. यंत्रांबद्दल माझं मत चांगलं आहे, पॅकेजबद्दल वाईट आहे, आणि सेंटर चालवणारी दोन्ही पोरं पंचविशीतली आहेत. उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

लिहिणारा कोण ते आधी सांगतो. इचलकरंजीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मागाच्या मोटरी येतात, विहिरीवरच्या येतात, हल्ली रेपियर (बिनधोट्याच्या) मागाच्या सर्व्हो, म्हणजे नेमकं सांगू तेवढंच फिरणाऱ्या मोटरी, त्यासुद्धा येतात. गेम मी आयुष्यात खेळलो नव्हतो. थोरला अकरावीला आहे. लॉकडाऊनमध्ये त्याला गाड्यांच्या गेमचा नाद लागला आणि गेलं वर्षभर जेवताना एकच विषय: "पप्पा, मला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय." मेव्हणी वारज्यात राहते. मे महिन्यात तिच्याकडे चार दिवस मुक्काम टाकला आणि रोज पोराला घेऊन या सेंटरवर गेलो. तो एकूण अकरा तास बसला, मी एक तास. हे परीक्षण त्या बारा तासांवरचं.

पहिल्या दिवशी मी मागं खुर्चीवर बसून होतो. पाच रिग आहेत. रिग म्हणजे अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलचा सांगाडा, त्यावर रेसिंगची सीट, समोर तीन स्क्रीन, खाली पेडल. मला स्क्रीनशी देणंघेणं नव्हतं, मी स्टिअरिंगच्या मागं वाकून बघत होतो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, काय शोधताय?" म्हटलं, "मोटर." त्यानं बिचाऱ्यानं आनंदानं मागचं झाकण काढून दाखवलं. यासाठी त्याला माझ्याकडून वेगळा अर्धा स्टार.

आत गिअर नाही, पट्टा नाही. चाक थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेलं, मागं एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारा. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. घरी पोराकडं जे स्वस्तातलं चाक आहे त्यात गिअर आहेत, ते फिरवलं की दाणे दळल्यासारखं हाताला लागतं. इथं तसलं काही नाही, लोण्यातून सुरी. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ८ न्यूटन-मीटर. आमच्या भाषेत सांगायचं तर १४४० आरपीएमची एक एचपीची मोटर घेतली तर तिचा टॉर्क ५ च्या आसपास असतो. तीस सेंटिमीटरच्या चाकाच्या कडेला हे ८ न्यूटन-मीटर म्हणजे साडेपाच किलोची ओढ. आणि ती सतत दिशा बदलणारी. अर्ध्या तासात माझे दंड भरून आले. रोज मोटरी उचलणारा माणूस मी, हसायला येईल, पण खरं आहे.

ब्रेक त्याहून भारी. तो पेडल किती खाली गेलं हे मोजत नाही, पाय किती जोरानं दाबला ते मोजतो. आत लोड सेल आहे, किराणा दुकानातल्या वजनकाट्यात असतो तसाच. मी पहिल्यांदा आमच्या ओम्नीच्या सवयीनं हलकेच पाय ठेवला आणि गाडी सरळ भिंतीत. जर्मनीतला नूरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक लावला होता, एक फेरी वीस किलोमीटरच्या वर, जंगलातून. माझी फेरी पूर्ण झालीच नाही. पोराची झाली, तीही एकदाही गवतात न जाता. तेव्हा मात्र ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

भाडं अर्ध्या तासाला ४०० रुपये, तासाला ७००. एसी जोरात आहे, पाणी फुकट, चहा खालून मागवावा लागतो. तीन नंबरच्या रिगची सीट मागं सरकत नाही, उंच माणसानं ती घेऊ नये. पायात पातळ तळव्याचे बूट किंवा नुसते मोजे ठेवा, स्पोर्ट शूजनं ब्रेकचा अंदाज येत नाही. यंत्रं आणि जागा, दोन्हीला साडेचार स्टार. मोठ्या शहरात मुलांच्या वाढदिवसाला याहून जास्त पैसे याहून फालतू गोष्टींवर जातात.

आता पोस्टर.

आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं पोस्टर आहे. यान मार्डेनबरोचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात: "गेमर ते रेसर. पुढचा नंबर तुमचा!" आणि त्याच्या खाली महिन्याच्या पॅकेजचे दर. वीस तास, एक कोच, शेवटी सर्टिफिकेट, १८,००० रुपये. काउंटरवरचा पोरगा माझ्या पोराला म्हणाला, "भावा, तुझा हात बघितला मी. तू पॅकेज घे. हा बघ, हापण घरी बसून गेमच खेळायचा."

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणि खरंच विचार केला. रात्री मेव्हणीच्या गॅलरीत बसून दोघांनी मोबाइलवर सगळं वाचून काढलं.

मार्डेनबरो कार्डिफचा. प्लेस्टेशनवरच्या ग्रॅन टुरिस्मो या गेममधून ड्रायव्हर शोधायला निसान आणि सोनीनं जीटी अकॅडमी काढली होती, ती त्यानं २०११ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी जिंकली. २०१३ ला फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची गाडी आपल्या गटात तिसरी आली. त्याच गाडीत जोडीला लुकास ऑर्डोनेझ होता, अकॅडमीचा २००८ चा पहिला विजेता, स्पेनचा. तोही २०११ ला त्याच गटात दुसरा आलेला. म्हणजे पोस्टर खोटं नाही. गेममधून खरे ड्रायव्हर झाले, आणि चांगले झाले.

पण तारखा बघा. २००८ ला दार उघडलं ते युरोपसाठी. अमेरिकेला २०११ ला स्वतंत्र स्पर्धा मिळाली. भारताचा नंबर लागला २०१४ ला, तोही ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, थायलंड, आखाती देश यांच्याबरोबर एकाच गटात. आणि २०१६ नंतर अकॅडमीच बंद. आमच्याकडं गावात नळाला पाणी येतं तसं झालं. वरच्या गल्लीत दोन तास, आमच्या गल्लीत बादली लावेपर्यंत वीज गेली.

मग पोरगं म्हणालं, "पप्पा, नंतरचेपण आहेत की." बघितले. हॉलंडचा रुडी व्हॅन ब्युरेन, २०१७ ला वर्ल्ड्स फास्टेस्ट गेमर ही गेमरांची स्पर्धा जिंकून मॅक्लारेन या फॉर्म्युला १ च्या टीमचा सिम्युलेटर ड्रायव्हर झाला. इंग्लंडचा जेम्स बाल्डविन, तीच स्पर्धा २०१९ ला जिंकला आणि २०२० ला ब्रिटिश जीटी या खऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत पहिल्याच शर्यतीत पहिला आला. ब्राझीलचा इगोर फ्रागा. तुर्कस्तानचा जेम बोलुकबाशी, तो २०२२ ला फॉर्म्युला २ पर्यंत, म्हणजे फॉर्म्युला १ च्या एक पायरी खाली पोचला. या चौघांची माहिती एकापुढं एक ठेवली आणि मला जे दिसलं ते मी पोराला बोट ठेवून दाखवलं. चौघंही लहानपणी कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवायचे. व्हॅन ब्युरेन आणि बाल्डविन पैसे संपले म्हणून थांबले होते. म्हणजे गेमनं त्यांना शून्यातून ड्रायव्हर केलं नाही. ज्या घरातून पैशापायी बाहेर पडावं लागलं होतं, त्या घराची मागची खिडकी गेमनं उघडली. हे पोस्टरवर कुठं लिहिलंय?

दुसरं म्हणजे जागा. पूर्ण ब्रिटन आपल्या महाराष्ट्राहून आकारानं लहान आहे. त्यात सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच, डॉनिंग्टन, औल्टन पार्क, स्नेटर्टन, थ्रक्स्टन, वर स्कॉटलंडात नॉकहिल, एवढे शर्यतीचे ट्रॅक. तिथलं पोरगं शनिवारी सकाळी बापाच्या गाडीत बसून ट्रॅकवर जातं आणि रात्री जेवायला घरी येतं. आपल्याकडं गाड्यांच्या शर्यतीचे मोठे ट्रॅक म्हटले की नोएडाजवळचं बुद्ध, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई आणि कोइमतूर. इचलकरंजीहून कुठंही जा, आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन. त्यातल्या त्यात आमचं नशीब म्हणजे कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, त्यावर पुढं येतो.

तिसरी गोष्ट पोरानंच सांगितली, मला कळली नसती. ऑनलाइन शर्यतीत चांगले खेळाडू युरोपातल्या सर्व्हरवर असतात. तिसऱ्या दिवशी सेंटरवरून त्यानं एक शर्यत खेळली तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १६० मिलिसेकंद दिसत होतं. माझ्या डोक्यात लगेच गणित. ताशी दोनशेच्या वेगाला गाडी तेवढ्या वेळात जवळपास नऊ मीटर पुढं जाते. म्हणजे शेजारची गाडी जिथं दिसते तिथं ती नसतेच. पोरानं एकाला आत घासलं, तो जर्मनीतून काहीतरी बोलला, याला दंड बसला. आणि वेळ? तिकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे आठ वाजले की इथं साडेअकरा. सेंटर अकराला बंद होतं. तिथली मुलं जेवून निवांत शर्यतीला बसतात त्या वेळी आमच्याकडं शटर खाली आलेलं असतं. हा दोष सेंटरचा नाही, पृथ्वी गोल असल्याचा आहे. पण मग "पुढचा नंबर तुमचा" असं १८,००० रुपये घेऊन सांगू नये.

सर्टिफिकेटचं मी तोंडावर विचारलं. "हे दाखवून रेसिंगचं लायसन्स मिळतं का?" कोच प्रामाणिक निघाला. म्हणाला, "नाही काका, लायसन्स एफएमएससीआय देते, देशातल्या मोटर शर्यतींची संघटना, त्याचं वेगळं असतं. हे आपलं फ्रेम करून लावायला." कोचला पाच स्टार. त्यानं पोराला ट्रेल ब्रेकिंग शिकवलं, म्हणजे वळणात शिरताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडायचा. फेरी चार सेकंदांनी कमी झाली. पॅकेज न घेता त्याचा एक तास सुटा मिळाला तर जरूर घ्या, मागितला तर देतात.

आम्ही पॅकेज घेतलं नाही. परतीच्या वाटेवर पोरगं साताऱ्यापर्यंत गप्प होतं. कराडला मिसळ खाल्ल्यावर बोललं, "मग पप्पा, माझा काय विषयच नाही म्हणा." म्हटलं, रविवारी कोल्हापूरला जाऊ.

गेलो. हेल्मेट घालून कार्टमध्ये बसला. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याला कळेना की ढुंगणाला एवढे धक्के का बसतायत. तिसऱ्या फेरीपासून मात्र लाइन, म्हणजे वळणातून जायची नेमकी वाट, बरोबर पकडली, पुण्यात शिकला तसाच ब्रेक सोडत सोडत वळणात शिरला. उतरला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आणि बरगडीवर लाल वळ. शर्ट वर करून आईला दाखवत होता, जसं काही बक्षीस मिळालंय. त्यानं तिथल्या एका मुलाला विचारलं, तो किती वर्षं चालवतोय. सातव्या वर्षापासून, म्हणाला. माझं पोरगं सोळाचं.

तर ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी: सेंटरला जा, मुलांना न्या, मजा आहे आणि यंत्र अस्सल आहे. पैसे तासावर द्या, स्वप्नावर देऊ नका. शनिवार-रविवार टाळा, कंपन्यांची पोरं येऊन नुसती गाड्या आपटत बसतात. पार्किंग खाली दुचाकीपुरतंच आहे.

बाकी आमच्याकडं एक नवीन उद्योग चाललाय. दुकानात स्क्रॅपमधे आलेली रेपियरची एक सर्व्हो पडून होती, वाइंडिंग ठीक, बेअरिंग मी बदलली. तिच्या शाफ्टवर पोरानं ओम्नीचं जुनं स्टिअरिंग बसवलंय. ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, जुळवायचं काम तो नेटवर वाचून करतोय, रात्री दहानंतर, अभ्यास झाल्यावर, ही अट. अडलंय फक्त एन्कोडरवर, तो जळालेला आहे. जयसिंगपूर-सांगलीकडं कुणाकडे २५०० पल्सचा चालू स्थितीतला पडून असेल तर कळवा, योग्य किंमत देऊ.