सांगलीत हेड ऑफिस, जतला शाखा: संथ लाईनवर काम कशावर चालवावं?

हेड ऑफिस मार्केट यार्डात, एक शाखा जतला, एक आटपाडीला, एखादी शिराळ्याकडे डोंगराच्या कडेला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डाटा सांगलीत आणि पावत्या मात्र सगळीकडे फाडायच्या. पतसंस्था असो, खत-बियाण्यांची डीलरशिप असो की बेदाण्याची पेढी, शाखेतल्या माणसाने हेड ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर काम करायचं कसं, हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

रस्ते मुख्यतः चार. व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ऑफिसांना जोडणारा खासगी रस्ता) टाकून सांगलीचं फोल्डर शाखेत उघडायचं, रिमोट डेस्कटॉप वापरायचा, शाखेत वेगळा डाटा ठेवून सिंक करायचा, म्हणजे नंतर सांगलीशी जुळवायचा, नाहीतर ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. विकायला येणारा आधी विचारतो, "लाईन किती एमबीपीएसची?" म्हणजे तिचा वेग किती. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. लाईनवरून उत्तर यायला किती वेळ लागतो आणि लाईन दिवसभरात किती वेळा तुटते, हे आधी बघायला हवं.

फोल्डर शेअरिंग: स्वस्त दिसतं, पण नको

हिशेब करून बघा. शेअर केलेल्या फोल्डरमधला डाटा उघडताना सॉफ्टवेअर फाईलचा एक तुकडा मागतं, तो आला की पुढचा मागतं. एक रिपोर्ट उघडायला अशा हजार फेऱ्या झाल्या असं धरू. ऑफिसातल्या ऑफिसात पीसी जोडणाऱ्या लॅनवर एका फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून काम सेकंदाच्या आत होतं. शाखेच्या लाईनवर फेरीला 60 मिलिसेकंद लागत असतील तर त्याच कामाला पूर्ण मिनिट जाईल. 10 एमबीपीएसचा प्लॅन काढून 100 चा घेतलात तरी हे मिनिट तिथेच राहणार. वर एंट्री सेव्ह होताना लाईन तुटली तर डाटा खराब व्हायची धास्ती. व्हीपीएन हवंच, पण त्याच्यावरून फाईल ओढू नका.

रिमोट डेस्कटॉप: बहुतेकांचं उत्तर

इथे सॉफ्टवेअर आणि डाटा दोन्ही सांगलीच्या सर्व्हरवर राहतात. शाखेतून फक्त बटणं जातात आणि पडद्याचा बदललेला भाग परत येतो. हजार फेऱ्या सर्व्हरच्या पोटातच होतात. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे एक्सेलच्या कामाला साधारण 150 ते 200 केबीपीएस लागतात (1000 केबीपीएस म्हणजे 1 एमबीपीएस), ब्राउझर चाळायला मात्र 6 एमबीपीएसच्या वर. टॅलीचा पडदा तर जवळजवळ स्थिरच असतो, माऊसलाही कोणी हात लावत नाही. त्यामुळे 2 एमबीपीएसच्या साध्या लाईनवर तीन-चार जण निवांत बसतात.

उत्तर यायला 100 मिलिसेकंदांपर्यंत लागले तर फारसं जाणवत नाही. 250 च्या पुढे गेलं की जुना मुनीम वैतागतो. त्याची बोटं नंबरपॅडवर न बघता चालतात. तो रक्कम मारून, एंटर दाबून पुढच्या पावतीला हात घालतो तरी पडद्यावर अजून मागच्या खात्याचं नाव उमटत असतं. टाईप केलेलं हरवत नाही, क्रमानेच येतं. पण यादीतून चुकीचं खातं निवडलं गेलं तर ते कळायला उशीर होतो.

सर्वात मोठा फायदा लाईन तुटते तेव्हा दिसतो. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने केबल तोडली, शाखेची लाईट गेली, तरी सर्व्हरवरचं सेशन तसंच राहतं. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून परत जोडलं की अर्धी भरलेली एंट्री जिथल्या तिथे. फक्त डिस्कनेक्ट झालेलं सेशन लगेच बंद करायची सेटिंग सर्व्हरवर नको.

पूर्ण डेस्कटॉप देण्यापेक्षा रिमोटॲप द्या, म्हणजे शाखेत फक्त टॅलीची खिडकी उघडेल. डेस्कटॉप दिला की आठवड्याभरात त्यात व्हॉट्सॲप वेब उघडलेलं दिसतं, आणि लग्नाचा व्हिडिओ सांगलीच्या सर्व्हरवरून जतला चित्रा-चित्राने येऊ लागतो. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये लो-स्पीड ब्रॉडबँड निवडा, वॉलपेपर आणि आवाज बंद करा.

आता दुखरी जागा: प्रिंट. सर्व्हरवरून शाखेच्या प्रिंटरवर पावती काढताना मजकूर चित्रासारखा पाठवला गेला तर दोन ओळींच्या पावतीलाही लाईन घाम गाळते. डॉट मॅट्रिक्स असेल तर नुसत्या टेक्स्टचा ड्रायव्हर टाका, पावती खटाखट निघते. मराठी पावतीला ही सोय नाही, तिथे वेळ लागणारच. स्कॅनरचं तर विचारू नका. तो रिमोट सेशनमध्ये आपणहून दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. त्यापेक्षा कागद शाखेच्या पीसीवर स्कॅन करून, फाईल लहान करून पाठवलेली बरी.

लायसन्सच्या बाबतीत पुष्कळ जण फसतात. विंडोज प्रोच्या मशीनवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. एकच शाखा आणि तिथे एकच माणूस असेल तर तेवढं पुरतं. जास्त जण असतील तर विंडोज सर्व्हर आणि प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक मशीनमागे रिमोट डेस्कटॉपचं वेगळं लायसन्स लागतं. त्याशिवाय 120 दिवस चालतं, मग शाखा बाहेर. "पॅच मारून प्रोवरच पाच जण चालवून देतो" म्हणणारा भेटेलच. ते लायसन्समध्ये बसत नाही, आणि एखाद्या अपडेटनंतर सोमवारी सकाळी बंद पडतं. टॅलीचंही तसंच: एका वेळी अनेक जण बसणार असतील तर त्याचं गोल्ड लायसन्स घ्यावं लागेल.

आणि कृपा करून पोर्ट 3389, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, इंटरनेटवर उघडं टाकू नका. 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली तेव्हा जगभर धावपळ झाली होती. आजही रॅन्समवेअरवाले, म्हणजे डाटा कोंडून खंडणी मागणारे, हे दार ठोठावत फिरतच असतात. आधी वायरगार्डसारखं व्हीपीएन, त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप. त्यासाठी हेड ऑफिसला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता, घ्या. मोबाईल डाटावर आणि बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही.

शाखेत वेगळा डाटा आणि सिंक

शिराळ्यात पावसाळ्यात लाईन तासन्‌तास गायब, मोबाईलची रेंजही नाही, आणि काउंटरवर शेतकऱ्यांची रांग. तिथे रिमोट डेस्कटॉपच्या गप्पा उपयोगाच्या नाहीत. बिलिंग शाखेच्याच पीसीवर चालू द्या आणि रेंज आली की सिंक करा. टॅलीत ही सोय आहे.

किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. सांगलीला दिसणारा स्टॉक सकाळचा असतो. उधारीची मर्यादा ओलांडलेला गिऱ्हाईक जतला उधारी करून शिराळ्यातही माल उचलू शकतो. एकीकडे "युरिया 45 किलो" आणि दुसरीकडे "युरिया 45 के.जी." असं लिहिलं की एकाच मालाचे दोन आयटम होतात. म्हणून नवीन खातं आणि नवीन आयटम फक्त हेड ऑफिसनेच उघडायचा आणि बिल नंबरला प्रत्येक शाखेची वेगळी मालिका ठेवायची. हे जमवणारा खमक्या अकाउंटंट नसेल तर सिंकच्या नादी लागू नका.

ब्राउझरमधलं सॉफ्टवेअर

झोहो बुक्स चेन्नईचं, ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपेचं. पहिल्यांदा पान उघडायला वेळ लागतो, मग बराचसा भाग ब्राउझरमध्ये साठतो. सर्व्हर सांभाळणं नाही, रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स नाही. पण फॉर्म भरून सेव्ह करण्याआधी लाईन गेली तर भरलेलं राहीलच याची खात्री नाही. टॅलीच्या बटणांवर हात बसलेल्या माणसाचा वेगही घटतो. धंदा नव्याने सुरू करताय तर आधी हेच बघा. दहा वर्षांचा डाटा टॅलीत असेल तर केवळ लाईन संथ आहे म्हणून घर बदलू नका.

सर्व्हर सांगलीत की भाड्याचा?

सांगलीत तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्याला ऑगस्ट 2019 ची आठवण करून द्यायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा त्या वेळी 57 वर गेली होती. वरचा मजला, चांगला यूपीएस आणि दोन वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या लाईनी असतील तर स्वतःचा सर्व्हर दीर्घकाळात स्वस्त पडतो. मात्र शाखांना जाणारं चित्र हेड ऑफिसच्या अपलोडमधून जातं. दहा जणांना 200 केबीपीएस प्रमाणे 2 एमबीपीएस अपलोड सतत मोकळा हवा, आणि सीसीटीव्हीचे कॅमेरे क्लाउडवर चढत असतील तर ते नेमके तोच खातात.

भाड्याच्या सर्व्हरला ही कटकट नाही. मायक्रोसॉफ्टचं डाटा सेंटर पुण्यात, ॲमेझॉनचं मुंबईत. तिथवरच्या अंतराने फार तर काही मिलिसेकंद वाढतात. खरी रखडपट्टी शाखेपासून केबलवाल्याच्या खोलीपर्यंत असते. तुमची फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर 2022 च्या सुधारित नियमांप्रमाणे हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असला पाहिजे. पुरवठादाराकडून हे लेखी घ्या.

ॲडव्हान्स देण्याआधी शाखेच्या पीसीवरून सर्व्हरला दिवसभर पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी साधी कमांड) लावून ठेवा, तेही बाजाराच्या दिवशी. किती मिलिसेकंद लागले आणि किती उत्तरं आलीच नाहीत, एवढंच बघा. सरासरी 150 च्या आत आणि तुटणं क्वचित असेल तर रिमोटॲप घ्या. दर तासाला लाईन जात असेल तर तेवढ्या एका शाखेपुरतं सिंक ठेवा, बाकीच्या रिमोटवर आणा. डेमो सांगलीत बसून बघू नका. विकणाऱ्याला जतला न्या, शाखेतल्याच मुनीमाला बसवा आणि तिथल्याच डॉट मॅट्रिक्सवर सलग वीस पावत्या काढायला सांगा.