मुख्य रस्ता की आतला रस्ता? सायकलवाल्याच्या फुप्फुसांचा हिशेब

सायकलने कामावर जायचं मनात आलं, की पहिली धास्ती धुराची. कारवाला काचेआड, आपण उघड्यावर! पण वाहनांच्या रांगेत अडकलेल्या कारमधली हवा सायकलवाल्याच्या हवेपेक्षा फारशी स्वच्छ नसते, कधी जास्तच खराब असते. काचा बंद ठेवून आतलीच हवा फिरवली तर कण कमी होतात, इतकंच. खरा फरक श्वासाचा. पेडल मारताना आपण बसलेल्या माणसाच्या दोन ते चार पट हवा ओढतो.

म्हणून मी आधी रस्ता ठरवतो, बाकीचं मागून.

मुख्य रस्ता सरळ, वेळ वाचवणारा. मात्र त्याचा सगळा त्रास सिग्नलला. पुढे बस उभी, तिचा सायलेन्सर आपल्या नाकासमोर. दिवा हिरवा होतो, बस धुराचा भपका सोडते आणि नेमकं तेव्हाच आपण जोर लावून खोल श्वास घेतलेला असतो. आतला रस्ता लांब, वळणावळणाचा, गतिरोधकांनी वैताग आणणारा. पण धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटरवर बरेच विरळ होतात. पाच-सात मिनिटं जास्त गेली तरी माझं मत आतल्या रस्त्यालाच. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांना दोन तास चालवून पाहिलं होतं, एकदा हाइड पार्कमध्ये, एकदा डिझेल बस-टॅक्सींच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. बागेत फुप्फुसांना जो फायदा झाला, तो रस्त्यावर बराचसा विरला. आतून जाण्यात फेरा दुप्पट होत असेल तर मात्र पुन्हा विचार करा.

वेळेचं म्हणाल तर थंडीत पहाटे धूर जमिनीलगतच कोंडतो, ऊन चढल्यावर निघणं बरं. उन्हाळ्यात उलट, दुपारच्या उन्हात फुप्फुसांना त्रास देणारा ओझोन वायू वाढतो, तेव्हा सकाळ गाठा.

मास्क शेवटी. रुमाल आणि साधा सर्जिकल मास्क सूक्ष्म कणांपुढे लंगडेच. एन९५ चेहऱ्याला घट्ट बसला तर उपयोगी. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, आणि नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू तो अडवतच नाही. चढावर गुदमरून तो हनुवटीवर ओढणारे किती तरी पाहिलेत, मीही त्यातलाच.

मग सायकल सोडावी का? २०१६च्या एका अभ्यासाच्या गणितानुसार पीएम २.५, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातही रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात तोट्यापेक्षा फायदाच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ आहे, म्हणजे ही हवा चांगली नव्हेच. शिवाय हे गणित सर्वसाधारण माणसाचं. दमा असेल तर इन्हेलर खिशात हवा, आणि हवा फारच बिघडलेल्या दिवशी सायकल घरी.