टेपची वरची बाजू की खालची?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये फर्निचर करून घेताना घरात दोन पक्ष पडले. सुतारमामा टेपच्या एका बाजूचे, फूट-इंच-सूतवाले; मी दुसऱ्या बाजूचा, मिलिमीटरवाला.

तोंडी कामाला फूटच बरा. ‘साडेसात फुटी कपाट’ म्हटलं की डोळ्यांसमोर उभं राहतं. २२८६ मिलिमीटर म्हटलं तर काहीच नाही. प्लायसुद्धा दुकानात ‘आठ बाय चार’ म्हणूनच मागायचा, पाठीवर २४४० बाय १२२० छापलेलं असलं तरी. (काटेकोर हिशोबाने आठ फूट म्हणजे २४३८.४.)

पण बेरीज-वजाबाकी आली की फूट दगा देतो. ५ फूट ३ इंच म्हणजे ५.३ नव्हे, ५.२५ फूट. कॅल्क्युलेटरवर ५.३ दाबलंत की १५ मिलिमीटरची चूक पक्की. त्यात सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये असला ढोबळपणा कोण चालवून घेईल?

माझीही फजिती झालीच. फूट म्हणजे ३० सेंटिमीटर धरून दहा फुटी ओट्याचं माप ३०० लिहिलं. खरं ३०४.८. जवळजवळ पाच सेंटिमीटरची फट! मामा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

तेव्हापासून बोलणं फुटांत, कागदावर मिलिमीटर. बदलायचंच असेल तर सगळ्याचे आधी इंच करा, मग २५.४ ने गुणा. १९५९ पासून इंच नेमका तेवढाच ठरलेला आहे.